अकरावी नक्की कुणाची?

सातारा-सांगली भागातल्या कुठल्याही बऱ्यापैकी मोठ्या गावात जा. एसटी स्टँडपासून थोडं पुढे गेलं की एक कमान लागते. कमानीवर संस्थेचं नाव, त्याखाली शाळेचं नाव, आणि शाळेच्या नावाला शेपटासारखं जोडलेलं ‘व ज्युनियर कॉलेज’. बऱ्याच ठिकाणी हे शेपूट नंतर रंगवलंय हे रंगावरूनच कळतं. आत एकच मैदान, एकच घंटा, एकच पिण्याच्या पाण्याची टाकी. एका बाजूच्या खोल्यांत पाचवी ते दहावी, दुसऱ्या बाजूच्या दोन-चार खोल्यांत अकरावी-बारावी. दहावीपर्यंत जे ‘सर’ असतात त्यांच्यातलेच काही जण मधल्या सुट्टीनंतर पटांगण ओलांडून पलीकडे जातात.

मीही अशाच एका कमानीखालून गेलेला. त्यामुळे अमेरिकेतून सुट्टीला आलेले नातेवाईक जेव्हा कौतुकाने सांगतात, की ‘आमची मुलगी अजून हायस्कूलमध्येच आहे, पण आठवड्यातून दोन दिवस कॉलेजात जाऊन बसते आणि त्याचे मार्क पुढे पदवीत धरतात’, तेव्हा मला थोडी गंमत वाटते. तिकडे मिनेसोटा राज्याने १९८५ साली तसा कायदाच केला: अकरावी-बारावीच्या मुलांनी कॉलेजचे वर्ग करावेत आणि पैसे सरकारने भरावेत. नंतर इतर राज्यांनी तो कित्ता गिरवला. ऐकणाऱ्याला वाटतं, काय प्रगत देश आहे!

पण मंडळी, शाळेत असताना कॉलेजात बसणं ही गोष्ट आपल्याकडे इतकी जुनी आणि इतकी सार्वत्रिक आहे की आपल्याला ती दिसतच नाही. महाराष्ट्रातली जवळजवळ दोन पिढ्यांची मुलं सोळाव्या वर्षी ‘कॉलेज’ला जातात आणि तरीही कायद्याने शाळेतच असतात. हे असं कसं झालं, त्यात कुणाचं काय भलं झालं, आणि आता त्याचं काय होणार, हे जरा उलगडून बघू.

अगदी सुरुवातीपासून पाहायचं तर मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ साली. त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली १८५९ मध्ये. ‘मॅट्रिक’ म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा असं आपण धरून चालतो. तसं ते नव्हतं. ती विद्यापीठाची पहिली परीक्षा होती. शाळेतून बाहेर पडण्याची नव्हे, विद्यापीठाच्या दारातून आत शिरण्याची. पेपर विद्यापीठ काढणार, तपासणार विद्यापीठ, नापास करणारही विद्यापीठ. शाळेने फक्त मुलं तयार करून पाठवायची. म्हणजे शाळेतलं शेवटचं वर्ष त्या काळी अर्धंअधिक विद्यापीठाच्याच ताब्यात होतं.

त्या पहिल्या परीक्षेला बसलेल्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. आणि यातली गंमत अशी की ही मंडळी मॅट्रिकला बसली तेव्हा मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये कॉलेजचे वर्ग आधीच करत होती. विद्यापीठच नंतर आलं, त्यामुळे कॉलेज आधी आणि प्रवेश परीक्षा मागून असा उलटा क्रम झाला. पुढे १८६२ साली हेच रानडे-भांडारकर विद्यापीठाचे पहिले बी. ए. झाले. तेव्हा शाळा आणि कॉलेज यांच्यामध्ये भिंत अशी नव्हतीच. एकाच संस्थेचे ते दोन विभाग होते आणि पोरगा तयार झाला की पलीकडे सरकत होता.

पुण्यातही थोडं तसंच. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८५ साली त्याच मंडळींनी फर्ग्युसन कॉलेज काढलं. सुरुवातीला शाळेत आणि कॉलेजात शिकवणारी माणसं बरीचशी तीच. त्यातले एक गोपाळ गणेश आगरकर, आपल्या कराडजवळच्या टेंभूचे, जे पुढे फर्ग्युसनचे प्राचार्यही झाले.

आता आगरकरांचं नाव निघालंच आहे तर आपल्या भागाकडे वळू. कारण पुण्या-मुंबईत भिंत नसेल, पण कराडच्या पोराला भिंत नव्हे, डोंगर होता. सातारा जिल्ह्यात कॉलेजच नव्हतं. आगरकर शिक्षणासाठी कराड, रत्नागिरी, अकोला असे हिंडले आणि १८७५ साली मॅट्रिक होऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. त्यांच्या गरिबीच्या गोष्टी आपण शाळेत वाचल्यात. पण त्या गोष्टींत एक भूगोलही आहे, तो आपण वाचत नाही: शिकायचं तर गाव सोडायचं, आणि एकदा नव्हे, दर टप्प्याला सोडायचं.

साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचं नाव घातलं गेलं. ते पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. साताऱ्यात इंग्रजी पहिलीत घातलेला हा मुलगा मॅट्रिक झाला तो मुंबईत, १९०७ साली. आणि मॅट्रिक झाल्याबद्दल सभा भरवून त्याचा सत्कार झाला! आज मॅट्रिक झाल्याबद्दल कुणी पेढाही देत नाही. पण त्या सत्कारातून ती भिंत केवढी उंच होती हे कळतं. तिच्या पलीकडे जाणारं माणूस समाजात पहिलं, दुसरं, तिसरं असं मोजता येत होतं.

सांगलीकडे कॉलेज आलं १९१९ साली. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगली आणि मिरज यांच्या मधल्या माळावर विलिंग्डन कॉलेज काढलं. इतिहास-प्रवासवर्णनकार गोविंद चिमणाजी भाटे तिथले प्राचार्य होते, नंतरच्या काळात कन्नड कवी वि. कृ. गोकाकही होते. त्या एका कॉलेजामुळे कृष्णाकाठच्या आणि थेट विजापूर-बेळगावकडच्या मुलांचीही पुण्याची वारी वाचली. साताऱ्याला मात्र आणखी २८ वर्षं थांबावं लागलं.

योगायोग बघा, त्याच १९१९ साली, ४ ऑक्टोबरला, कराडजवळच्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. वरून कॉलेज आलं आणि खालून बोर्डिंग आलं, एकाच वर्षी. विलिंग्डन होतं ते मॅट्रिक झालेल्यांसाठी. भाऊरावांचा प्रश्न होता जे मॅट्रिकपर्यंत पोचतच नाहीत त्यांचा. १९२४ साली साताऱ्यात शाहू बोर्डिंग, १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल, आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज. क्रम नीट लक्षात घ्या: आधी राहायची-जेवायची सोय, मग शाळा, मग कॉलेज. मुलगा शिकत शिकत जसा वर सरकला तशी संस्था त्याच्याबरोबर वर सरकली. ‘कमवा आणि शिका’ हे त्याचं इंधन. सकाळी शेतात, बांधकामावर घाम गाळायचा आणि नंतर वर्गात बसायचं. शाळा संपली म्हणून पोराचा हात सोडायचा नाही, हा त्यातला खरा विचार.

आता एका अशा विद्यार्थ्याची गोष्ट, ज्याने हायस्कूल संपायच्या आधीच कॉलेज केलं. तेही इंग्रज सरकारच्या खर्चाने.

यशवंतराव चव्हाण. जन्म १९१३, देवराष्ट्रे. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात, आज सांगली जिल्ह्यात. (१९४९ साली सातारा जिल्हा तोडून ‘दक्षिण सातारा’ केला, आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळे आपल्या भागातल्या जुन्या माणसांचा जिल्हा विचारला की नेहमी असा कंस लागतो.) शाळा कराडचं टिळक हायस्कूल. १९३२ च्या जानेवारीत, सविनय कायदेभंगाच्या चळवळीत, हा विद्यार्थी पकडला गेला आणि १८ महिन्यांची शिक्षा झाली. रवानगी येरवड्याला. मॅट्रिक व्हायचंच होतं.

येरवड्याच्या बराकीत कोण भेटले? आचार्य भागवत, रावसाहेब पटवर्धन यांच्यासारखी माणसं. तिथे अक्षरशः वर्ग चालायचे. वाङ्मय, राजकारण, गांधीवाद, समाजवाद. वाचायचं, ऐकायचं, वाद घालायचा. हजेरी सक्तीची (तुरुंगच तो!), परीक्षा नाही, मार्क नाहीत. ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात यशवंतरावांनी त्या दिवसांबद्दल फार कृतज्ञतेने लिहिलं आहे. बाहेर आल्यावर हाच मुलगा परत शाळेच्या बाकावर बसला आणि १९३४ साली, एकविसाव्या वर्षी, मॅट्रिक झाला. मग कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, १९३८ साली बी. ए., आणि १९४१ साली एलएल. बी.

या गोष्टीकडे आपण सहसा ‘स्वातंत्र्यलढ्यातला त्याग’ म्हणून बघतो. तो आहेच. पण शिक्षणाच्या बाजूने बघितलं तर तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या एका खेड्यातल्या पोराच्या डोक्याला मोठ्या माणसांची संगत वेळेत मिळाली. ‘तू अजून मॅट्रिक नाहीस, हे तुला कळायचं नाही’ असं त्याला त्या बराकीत कुणी म्हणालं नाही. आणि तेवढंच महत्त्वाचं म्हणजे, बाहेर आल्यावर शाळेने त्याला परत घेतलं. वरच्या वर्गात डोकावून आलेल्या मुलाला खालचा वर्ग पूर्ण करू दिला. शाळेत असताना कॉलेज करण्याचा अर्थ याहून वेगळा काय असतो?

असो. आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आकडेमोड आहे, पण सोपी आहे.

जुन्या पद्धतीत मराठी चार यत्ता, मग इंग्रजी सात यत्ता. एकूण अकरा. अकराव्या वर्षी मॅट्रिक. पुढे कॉलेजची चार वर्षं: पहिलं वर्ष (जुन्या लोकांच्या तोंडी ‘प्रीव्हियस’, नंतर ‘एफ. वाय.’, पुढे काही विद्यापीठांत ‘प्री-डिग्री’), दुसरं वर्ष ‘इंटर’, आणि मग बी. ए. ची दोन वर्षं. अकरा अधिक चार, पंधरा.

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिक विद्यापीठाकडून काढून एस. एस. सी. बोर्डाकडे दिली. १९४९ पासून पोरं ‘मॅट्रिक’ऐवजी ‘एस. एस. सी.’ होऊ लागली, जरी म्हातारी माणसं पुढे कितीतरी वर्षं मॅट्रिकच म्हणत राहिली. पण वर्ष अकरावंच राहिलं. अकरावी शाळेत, बारावं वर्ष कॉलेजात. भिंत मधे.

मग १९६४ ते ६६ कोठारी आयोग बसला. त्याने देशभर एकच आकृतिबंध सुचवला, १०+२+३. बेरीज पुन्हा पंधराच! महाराष्ट्राने तो १९७२ च्या आठवीपासून लागू केला आणि ती मुलं १९७५ च्या मार्चमध्ये दहावीच्या नव्या एस. एस. सी. ला बसली. त्याच वर्षी त्यांच्या पुढची जुनी तुकडी अकरावीच्या जुन्या एस. एस. सी. ला बसली. एकाच उन्हाळ्यात दोन वेगवेगळ्या इयत्तांची मुलं ‘मॅट्रिक’ झाली. अनेक घरांत मोठी बहीण आणि धाकटा भाऊ एकदमच पास झाले असणार, आणि एकाच घरात दोन पेढ्यांचे पुडे आले असणार. मग १९७७ साली बारावीची पहिली बोर्डाची परीक्षा झाली.

बेरीज बदलली नाही, मग बदललं काय? दोनच वर्षांची अदलाबदल झाली. अकरावं वर्ष शाळेतून उचललं आणि त्याला ‘कॉलेज’ म्हटलं. बारावं वर्ष विद्यापीठाकडून काढलं आणि ते बोर्डाला दिलं. एक वर्ष शाळेचं कॉलेजात गेलं, एक वर्ष कॉलेजचं शाळेकडे आलं, आणि त्या दोघांची मोट बांधून तयार झालं आपलं ज्युनियर कॉलेज. ना पुरती शाळा, ना पुरतं कॉलेज.

कोठारी आयोगाचा कल ही दोन वर्षं शाळांकडे जावीत असा होता. महाराष्ट्राने मात्र दोन्ही दारं उघडी ठेवली. विलिंग्डन, शिवाजी कॉलेज, कराडचं १९५४ सालचं सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज अशा जुन्या कॉलेजांत अकरावी-बारावी ‘ज्युनियर विंग’ म्हणून राहिली. आणि गावोगावच्या हायस्कुलांना अकरावी-बारावी जोडली गेली. इथून पुढे सोळा वर्षांच्या मुलाचं आयुष्य कसं जाईल हे त्याच्या मार्कांइतकंच, त्याची अकरावी कुठल्या कमानीखाली आहे यावर ठरू लागलं.

शहरातल्या कॉलेजात गेलेल्याला एका उन्हाळ्यात युनिफॉर्म सुटला. मोठी लायब्ररी दिसली, गॅदरिंगमध्ये एम. ए. ची मुलं दिसली, कट्टा मिळाला, तास बुडवायचं स्वातंत्र्य मिळालं. (ते स्वातंत्र्य बऱ्याच जणांनी मनापासून वापरलं आणि बारावीच्या निकालात त्याची पावती घेतली.) गावच्या हायस्कुलात राहिलेल्याचा युनिफॉर्म सुटला नाही, नुसता रंग बदलला. काल ज्या सरांनी कान धरला तेच आज ‘प्राध्यापक’ झाले. हजेरी तशीच, प्रार्थना तशीच. बारावी होऊन बाहेर पडताना हातात पडतो तो कागद मात्र दोन्हीकडे एकच: शाळा सोडल्याचा दाखला. दोन वर्षं आपण कॉलेजकुमार म्हणून मिरवलो आणि दाखला म्हणतो, आजवर शाळेतच होतास बाबा.

शिकवणाऱ्यांचंही तसंच त्रांगडं. ज्युनियरच्या सरांना बी. एड. लागतं, सीनियरच्या सरांना नेट किंवा सेट. एका स्टाफरूममध्ये दोन खाती, दोन वेतनश्रेण्या, दोन वेगवेगळ्या सुट्ट्यांच्या याद्या. एकाच विषयाची माणसं शेजारी बसतात, पण सीनियरचे सर अकरावीला सहसा शिकवत नाहीत आणि ज्युनियरचे सर बी. ए. ला शिकवत नाहीत. एका छपराखाली बसून मुलाला वरच्या वर्गाचा वारा लागू नये याची इतकी चोख व्यवस्था ठरवूनही झाली नसती.

हे वाचून कुणाला वाटेल की गावातलं शाळेला चिकटलेलं ज्युनियर कॉलेज म्हणजे फसवणूक. मला तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सांगतो.

जत, आटपाडी, माण, खटाव. दुष्काळी पट्टा. किंवा पलीकडे पाटण, जावळीचे डोंगर. इथल्या मुलीसाठी जुन्या पद्धतीत अकरावी म्हणजे शेवट होता. पुढचं वर्ष कॉलेजात, कॉलेज तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला, आणि तिकडे एकट्या पोरीला पाठवणार कोण? एस. एस. सी. चा निकाल आणि लग्नाची बोलणी एकाच महिन्यात. नव्या पद्धतीत दहावी झाल्यावरही शाळेचं फाटक तेच राहिलं. रस्ता तोच, सर तेच, मैत्रिणी त्याच. बापाला ‘पोरगी कॉलेजला जाते’ असं वाटायच्या आत ती बारावी झालेली असायची! ‘कॉलेज’ हा शब्द घरात शिरला तो शाळेचा पोशाख घालून, म्हणून त्याला कुणी अडवलं नाही.

आणि सरकारच्या सवलती बघा. महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत फी माफ झाली. ग्रामीण मुलींसाठी एसटीचा मोफत पास, अहिल्याबाई होळकर योजनेतला, आधी दहावीपर्यंत होता, नंतर तोही बारावीपर्यंत वाढला. हे शक्य झालं कारण कागदावर बारावी ही शाळा होती. भिंत जिथे असते तिथपर्यंतच सवलत पोचते. भिंत दोन वर्षं पुढे सरकली तशी एसटीही दोन वर्षं पुढे गेली. भाऊराव पाटलांनी ज्या तत्त्वावर संस्था वाढवली, शाळा संपली म्हणून हात सोडायचा नाही, तेच तत्त्व इथे एका सरकारी आकृतिबंधाने, बहुधा स्वतःच्याही नकळत, हजारो मुलींच्या बाबतीत पाळलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अकरावी-बारावीच्या या अधांतरी खोलीत तिसराच कुणीतरी येऊन बसला: क्लास. इंजिनियरिंग-मेडिकलच्या प्रवेश परीक्षा आल्या, आणि विज्ञान शाखेची अकरावी बऱ्याच ठिकाणी नुसती नाव नोंदवायची जागा उरली. पोरगं कागदावर ज्युनियर कॉलेजात आणि प्रत्यक्षात दिवसभर क्लासमध्ये. २०१८ साली सरकारने विज्ञानाच्या ज्युनियर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरी लावायचा आदेश काढला, यावरूनच रोग किती पसरला होता ते समजा. पूर्वी अकरावी शाळेची का कॉलेजची असा वाद होता. आता ती दोघांचीही राहिली नाही.

मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरते असलेले अकरावीचे ऑनलाइन केंद्रीय प्रवेश २०२५ पासून सगळ्या राज्याला लागू झाले. म्हणजे आता आपल्या गावच्या शाळेत दहावी झालेल्या मुलीनेही पलीकडच्या बाजूच्या खोलीत बसण्यासाठी पोर्टलवर अर्ज भरायचा. स्वतःच्या शाळेतल्या मुलांसाठी राखीव जागा असतात, हे खरं. पण एका पटांगणाच्या अंतरासाठी पासवर्ड लागू लागला, हेही खरं.

आणि आता भिंत पुन्हा सरकायच्या बेतात आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ५+३+३+४ हा नवा आकृतिबंध मांडला आहे. त्यातला शेवटचा ‘चार’ म्हणजे नववी ते बारावी, सलग, एकच टप्पा. म्हणजे धोरणाच्या भाषेत ज्युनियर कॉलेज नावाची गोष्टच नाही. महाराष्ट्रात हे धोरण २०२५-२६ च्या पहिलीपासून टप्प्याटप्प्याने सुरू झालं आहे. ते वर पोचेपर्यंत वेळ आहे, पण दिशा स्पष्ट आहे. १९७५ साली शाळेतून निघालेली अकरावी पन्नास वर्षं फिरून पुन्हा शाळेच्या दारात.

याचं मला वाईट वाटत नाही. गावच्या मुलीच्या दृष्टीने बारावीपर्यंत शाळाच असणं चांगलं, हे वर म्हटलंच. प्रश्न वेगळा आहे. गेल्या दीडशे वर्षांत आपण ही भिंत निदान तीनदा हलवली. मॅट्रिक विद्यापीठाकडून बोर्डाकडे, अकरावी शाळेतून कॉलेजात, आणि आता पुन्हा शाळेकडे. पण दर वेळी हलवली ती सगळ्यांसाठी एकदम, सरकारी हुकुमाने. एखाद्या मुलासाठी तिच्यात दार काही पाडलं नाही.

आठवीतली एखादी मुलगी बारावीचं गणित सोडवत असेल तर तिने काय करायचं? सांगलीत तिच्या घरापासून दोन मैलांवर कॉलेज असेल, तिथे गणिताचे जाणते प्राध्यापक असतील, पण त्या वर्गात बसायचा तिला अधिकार नाही आणि बसली तरी त्याची नोंद नाही. उलट दिशेचंही तेच. बारावीत इंग्रजीत अडकलेला, पण इतिहासात मन रमणारा मुलगा. त्याचा एक विषय शाळेत आणि एक कॉलेजात असं आपल्याकडे होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली एका वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली. श्रेयांक साठवून ठेवायची ‘बँक’ही निघाली आहे. पण यातलं बहुतेक बारावीनंतरचं.

एक वाट आहे, जुनी, साधी, आणि तिचं कुणी कौतुक करत नाही. डिप्लोमा. दहावी झालेला मुलगा कराडच्या किंवा मिरजेच्या तंत्रनिकेतनात जातो. सांगलीच्या १९४७ सालच्या वालचंद कॉलेजात तर पदवीची आणि डिप्लोमाची मुलं एकाच आवारात. सोळा वर्षांचं पोरगं पहिल्या दिवसापासून वर्कशॉपमध्ये. तीन वर्षांनी तो इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातो, म्हणजे त्याची शाळेच्या वयातली वर्षं पदवीत धरली जातात. मिनेसोटावाले जे सांगतात ते हेच नव्हे का? फक्त आपण त्याला ‘मार्क कमी पडले असतील म्हणून डिप्लोमाला गेला’ असं म्हणून मोकळे होतो.

म्हणजे कल्पना आपल्याला परकी नाही. एल्फिन्स्टनच्या आवारात ती होती, येरवड्याच्या बराकीत होती, वर्कशॉपच्या शेडमध्ये आजही आहे. गावातल्या कमानीखालीही ती अर्धवट का होईना आहेच: पटांगणाच्या एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला कॉलेज, आणि मधे चाळीस पावलं. पन्नास वर्षांत सरांनी ती चाळीस पावलं रोज ओलांडली. पोरांना मात्र निकाल लागेपर्यंत ओलांडता आली नाहीत.

नवं धोरण राबवताना त्या कमानीवरचं ‘व ज्युनियर कॉलेज’ पुसलं जाईल. पुसू दे. रंग कमी लागेल. पण रंगारी शिडीवर असतानाच कुणीतरी खालून एवढं विचारायला हवं, की बाबांनो, नववीतल्या एखाद्या पोरीला आपलं पुस्तक घेऊन बारावीच्या मागच्या बाकावर बसायचं असेल, आणि बारावीतल्या एखाद्याला शनिवारी तालुक्याच्या कॉलेजात जाऊन एक तास करायचा असेल, तर त्याची नोंद कुठल्या वहीत करणार? ती वही ठेवली, तर अकरावी शाळेची की कॉलेजची याने मग फारसा फरक पडणार नाही.